पाटावरचा टीव्ही

कोजागिरीला आमच्या घरी दूध पिण्याआधी मोठ्या अपत्याला ओवाळायची पद्धत होती. मोठ्या म्हणजे पहिल्या. पाट मांडायचा, पूर्वेकडे तोंड करून त्याला बसवायचं, कपाळाला कुंकू, डोक्यावर अक्षता, हातात नव्या शर्टाचं कापड, आणि मग आई निरांजन घेऊन त्याच्याभोवती सावकाश ओवाळायची. बाकीच्यांनी बघायचं. आमच्या घरात बाकीचे म्हणजे मी एकटा.

आम्ही दोघंच भाऊ. दादा माझ्याहून पाच वर्षांनी मोठा. त्या पाच वर्षांचा फायदा त्यानं एरवी कधी घेतला नाही, पण कोजागिरीला मात्र पुरेपूर घ्यायचा. पाटावर बसून माझ्याकडे बघत एक डोळा बारीक करायचा. मी रडकुंडीला येऊन आईला विचारायचो, "अन् माहं काय?"

"तुहं काय? तू मांगून आला. लवकर याचं होतं," असं म्हणून आई मला दुधाच्या पातेल्याची खरवड द्यायची. खरवड दुधापेक्षा चांगली लागते, पण हे दादाला कळू नये म्हणून मी ती तोंड वाईट करून खायचो.

दादाला तबल्याचा नाद होता. पांढुर्ण्याच्या भजनी मंडळात बसता बसता लागला, आणि मग तो दर रविवारी शिकवणीच्या नावाखाली पॅसेंजरनं नागपूरला जाऊन एका गुरुजींकडे शिकायला लागला. बाबूजी सरकारी शाळेत गणिताचे मास्तर. ताल म्हणजे पाढ्यांचा गैरवापर, असं त्यांचं मत. तरी संध्याकाळी ओट्यावर पेपर तपासत बसले की त्यांचा एक कान आतल्या खोलीकडे असायचा. मध्येच ओरडायचे, "डग्गा ढिला आहे तुहा! आवळ त्याले!" दादा आवळायचा नाही. त्याला डाव्या हाताचा तो खोल, ओलसर आवाजच हवा असायचा. आणि वाजवायला सुरुवात करण्याआधी तो दोन्ही हातांच्या बोटांवर फुंकर मारायचा, गरम पातेल्याला हात लागल्यावर मारतात तशी. का, ते त्यालाही माहीत नव्हतं.

पुढं बाबूजींनी खटपट करून त्याला सौंसरच्या तहसिलीत कारकुनी मिळवून दिली. रुजू व्हायच्या दिवशी दादा इस्त्रीचा शर्ट घालून सौंसरच्या बसमध्ये बसला, आणि सौंसरला उतरलाच नाही. पुढं रामाकोन्याला सप्ताह चालू होता, तिथला तबलजी आजारी पडला होता, कोणीतरी बसमध्ये हे बोललं, झालं. सप्ताह संपवून, काकड्याचा बुक्का कपाळाला लावून स्वारी घरी आली. बाबूजी ओट्यावरच होते.

"हातात तबला असंन तं या घरात पाय ठेवाचा नाही," ते म्हणाले.

कोणत्याही घरात कोणताही बाप असं काहीतरी बोलतोच. पण आमच्याकडे बोललेलं शब्दशः घ्यायची खोड आहे, आणि ती बाबूजींकडूनच आलेली. दादानं चादरीत तबला-डग्गा बांधला आणि रात्रीच्या गाडीसाठी स्टेशनवर निघून गेला. आईनं माझ्या हातात पोळीभाजीचा डबा देऊन मला मागं पळवलं. मी तेव्हा कॉलेजात, मिशी फुटलेला जवान गडी. पळत पळत स्टेशन गाठलं, आणि इटारसीकडं जाणाऱ्या गाडीचा डबा न् डबा शोधला. दादा समोरच्या फलाटावर नागपूरच्या गाडीत बसला होता. मला तो दिसला तेव्हा गाडी हलली होती. मी डबा उंच धरून दाखवला. त्यानं हात केला. एवढाच आमचा निरोप.

डबा परत आणला तर आईनं तो मला खाऊ दिला नाही. गाईला घातला.

त्या वर्षीच्या कोजागिरीला आईनं पाट मांडला. मला वाटलं, चला, आता आपला नंबर लागला. आंघोळ करून, भांग पाडून मी जाऊन पाटावर बसलो. आई निरांजन घेऊन आली आणि तिनं माझा कान धरून मला उठवलं.

"ऊठ. मोठा आहे अजून."

"अवं पण तो इथं आहे कुठी?"

"कुठीही असो. आहे नं?"

मग तिनं पाटावर एक सुपारी ठेवली. पूजेत माणूस हजर नसला की त्याच्या जागी सुपारी मांडतात ना, तशी. सुपारीला कुंकू लावलं, अक्षता टाकल्या, सुपारीसमोर शर्टाचं कापड ठेवलं आणि सुपारीला ओवाळलं. पुढं वर्षानुवर्षं हेच चाललं. शर्टाची कापडं ट्रंकेत साठत गेली आणि घरात माझा नंबर एका सुपारीच्या खाली लागला. हे मी मित्रांना रंगवून सांगायचो, ते हसायचे. मीही हसायचो. आईसमोर मात्र पुन्हा कधी त्या पाटाकडे फिरकलो नाही. मी तिथं बसलो तर दादाचं काय झालं, असा त्याचा अर्थ होत होता, आणि तो अर्थ तिला घरात नको होता.

ऐंशीचं दशक अर्धं उलटलं तेव्हा मी सौंसरच्या शाळेत विज्ञान शिकवत होतो. रोज बसनं जाणं-येणं. त्याच सुमारास आमच्याकडे टीव्ही आला. काळा-पांढरा, लाकडी शटरवाला. पांढुर्णा मध्य प्रदेशात, पण गावातल्या यच्चयावत अँटेन्यांची तोंडं नागपूरकडे. आमचा अँटेना मी स्वतः लावला. उंच पाइप, त्याला तारांचे ताण, खाली बूस्टर. मी लहरींचा धडा शिकवत असल्यामुळे आळीत अँटेन्यातला जाणकार म्हणून माझी ख्याती होती; ती मीच पसरवली होती. खरी स्थिती अशी, की आमच्या टीव्हीवर चित्र आणि आवाज ही एकमेकांचं तोंड न पाहणारी भावंडं होती. कान पिळून चित्र स्वच्छ केलं की आवाजाची खरखर व्हायची. आवाज लागला की पडद्यावर मुंग्या. दोन्हीपैकी काय पाहिजे ते आधी ठरवायचं आणि मग बटण फिरवायचं.

एका वर्षी कोजागिरीच्या थोडं आधी समोरचे काका मुंबईहून आले. त्यांचा संत्र्याचा व्यापार, माल घेऊन ते तिकडे जात. पिशवी घरी ठेवायच्याही आधी ते आमच्या ओट्यासमोर उभे राहिले आणि आईला हाक मारली.

"वहिनी, तुमचा मोठा भेटला मले."

आई तांदूळ निवडत होती. सूप तिनं खाली ठेवलं, पण उठली नाही.

"खानावळीत जेवून राहिलो होतो," काका सांगायला लागले. "म्या तं ओळखलंच नाही. त्यानंच हाक मारली, काका, पांढुर्ण्याचे नं तुम्ही?"

"कसा आहे?"

काकांनी पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "आहे. वाळला थोडा. मुंबईत कोण मोठा होते वहिनी? कोजागिरीले म्हणे रात्री टीव्हीवर गाण्याची मोठी मैफल आहे, थेट दाखवतेत. त्याच्यात तबल्याले हा बसून राहिला. आईले सांगजा म्हणे."

"घरी काऊन नाही येत म्हणे?"

"म्या विचारलं. हासला नुसता." मग काकांनी आवाज खाली आणला, म्हणजे त्यांच्या समजुतीप्रमाणे आणला. "बाबूजीले सांगू नोका म्हणे."

बाबूजी दोन हात अंतरावर, ओट्याच्या खांबाला टेकून बसले होते. त्यांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं. आधी वाचून झालेलंच पान होतं ते.

त्या संध्याकाळी आईनं मला विचारलं, "थेट म्हणजे काय रे?"

मी मास्तर. प्रश्न विचारला की मला चढतं. "थेट म्हणजे तो तिथं वाजवंन त्याच वक्ताले आपल्याले इथं दिसंन."

"त्याच वक्ताले?"

"त्याच."

"आधी काढून ठेवलेलं नाही?"

"नाही वं. खराखुरा. इकडं चंद्र डोक्यावर, तिकडं त्याच्याही डोक्यावर, अन् तो बसून राहिला समोर."

तिनं खिडकीतून आभाळाकडं पाहिलं. नंतर मान हलवली. इतकं सोपं करून सांगता आलं म्हणून मी स्वतःवर खूश झालो. तिला त्यातून काय कळलं हे मला कोजागिरीपर्यंत कळलं नाही.

सौंसरला माझी मावशी राहायची. सौंसर नागपूरला जवळ, त्यामुळे मावशीकडे चित्र आणि आवाज एकत्र नांदायचे. समोरचे काका म्हणाले, त्या रात्री वहिनीले सौंसरले घेऊन जा बावा. यात माझ्या अँटेन्याचा अपमान होता. मी म्हणालो, आमच्या टीव्हीला काय धाड भरली? रविवारी दिवसभर मी छपरावर होतो. पाइप आणखी उंच केला, जुनी चपटी वायर काढून नवी लावली, खिडकीतून आत घेऊन टीव्हीच्या मागं बरोबर मापात कापली, लोंबती वायर वाईट दिसते म्हणून. उतरताना दोन कवेलू फोडले. खाली आलो तर आई म्हणाली, "मले नाहीच जाचं सौंसरले. हे आपल्याच घरी व्हाले पाह्यजे."

आपल्या कारागिरीवर तिचा विश्वास बसला, असा मी त्याचा अर्थ घेतला.

कोजागिरीला आईनं दिवसभर घर सारवल्यासारखं पुसून काढलं. नवं शर्टाचं कापड आणलं. रात्री अंगणात दूध आटत ठेवलं आणि समोरचे काका-काकू आपापले पेले घेऊन आले. बाबूजी शाल पांघरून ओट्यावर बसले. आत यायला त्यांना कोणी म्हटलं नाही, कारण म्हटलं असतं तर ते उठून फिरायला गेले असते. दार मात्र सताड उघडं होतं.

मैफल सुरू व्हायला बराच उशीर झाला. आधी बातम्या, मग कोणाचं तरी भाषण, मग व्यत्ययाची पाटी. अखेर पडद्यावर मैदान दिसलं, माणसांची गर्दी, वर हारांनी सजवलेला मंच. मध्ये एक बुवा गायला बसलेले, मागं तंबोरे, एका बाजूला पेटी आणि दुसऱ्या बाजूला कॅमेऱ्याच्या कडेनं अर्धा कापलेला एक माणूस. चित्र माझ्या अँटेन्याच्या आयुष्यात कधी आलं नव्हतं इतकं स्वच्छ होतं. आवाज म्हणजे कढईत मोहरी तडतडत होती.

"आवाज लाव नं बे," काका म्हणाले. "गाण्याचा कार्यक्रम आहे का मुक्याचा?"

मी बटणाला हात लावला.

"राहू दे," आई म्हणाली. "मले त्याचं तोंड पाहू दे."

मग आम्ही पाच माणसं, बाबूजी धरले तर, तडतडत्या मोहरीत एक मुकं गाणं बघत बसलो. कॅमेरा बुवांना सोडायला तयार नव्हता. बुवांचे हात, बुवांची अंगठी, बुवांचे मिटलेले डोळे. तबलजीचा कधी कोपर दिसायचा, कधी गुडघा. आई टीव्हीच्या इतक्या जवळ जाऊन बसली होती की तिच्या चष्म्यात मैफल दिसत होती. आणि एकदम कॅमेरा त्याच्यावर आला.

खोल गेलेले गाल, पुढचे केस गेलेले, गळ्याची हाडं वर आलेली. अंगावर ढगळ कुडता, खांदे दंडापर्यंत उतरलेले.

"हा नाही माहा," आई म्हणाली.

"अवं तोच आहे."

"माह्या पोराले मी ओळखत नाही का? हा कोणी म्हातारा माणूस व्हय." तिनं काकांकडे बघितलं. "हा भेटला होता तुमाले?"

काकांनी मान खाली घातली. बुवांनी हात वर करून काहीतरी नवं सुरू करायची खूण केली. तबलजीनं मांडी सावरली, दोन्ही हात तोंडापाशी नेले आणि बोटांवर फुंकर मारली.

आईच्या तोंडून एक आवाज निघाला, तो मला लिहिता येणार नाही. मग ती म्हणाली, "कसा ढगळा कुडता घातला रे त्यानं. मापाचा शिवून देणारं नाही का कोणी?" आणि उठून घाईघाईनं आत गेली.

आली ती ओवाळणीचं ताट घेऊन. निरांजन लावलेलं, कुंकू, अक्षता, कापड. काखेत पाट. पाट तिनं टीव्हीसमोर मांडला. त्यावर सुपारी नव्हती. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. त्याच वक्ताले. खराखुरा. मीच सांगितलं होतं.

"आई," मी म्हणालो, "टीव्हीले कोणी ओवाळते का?"

"टीव्हीले कोण ओवाळून राहिलं? बाजूले हो." तिनं ताट उचललं आणि थबकली. "थांब. याचं तोंड कुठी आहे?"

"कुठी म्हणजे?"

"दक्षिणेकडं आहे रे! दक्षिणेकडं तोंड करून ओवाळतेत का जित्या माणसाले? फिरव त्याले. पूर्वेकडं कर. लवकर कर, तो उठून जाईन!"

टीव्ही उत्तरेच्या भिंतीला टेबलावर होता, तेव्हा तोंड दक्षिणेकडं होतंच. आमच्या कोणाच्या ते आजवर ध्यानात आलं नव्हतं. विज्ञानाच्या मास्तरानं इथं काहीतरी बोलायला हवं होतं. पण पडद्यावर दादा होता, आई ताट धरून त्याच्याकडे बघत होती, आणि खरं सांगायचं तर दक्षिणेकडं तोंड मलाही बरं वाटेना. मी आणि काकांनी मिळून टीव्ही उचलला. मी मागून, काका पुढून. "हळू, हळू" करत तो पाटावर आणला, पूर्वेकडे वळवला, आणि मापात कापलेली माझी ती सुंदर वायर टणकन तुटून खिडकीत जाऊन लटकली.

चित्र गेलं. आवाज गेला. पडद्यावर मुंग्याच मुंग्या.

"काय केलं रे!" आई ओरडली.

मी टीव्हीच्या मागं गेलो आणि तुटलेल्या वायरीचं शेपूट बोटांत घट्ट धरलं. दुसरा हात खिडकीत लटकणाऱ्या टोकाकडे नेला, ते चिमटीत पकडलं. शरीर विजेचं वाहक असतं, हे मी दरवर्षी फळ्यावर लिहितो. माझा स्वतःचा त्यावर विश्वास बसला तो त्या रात्री. कारण मी दोन्ही टोकं धरून हात ताणला आणि मुंग्यांमधून, काहीही न दिसता, स्वच्छ आवाज आला.

तबला. एकटा तबला. बुवा बहुतेक थांबले होते आणि त्याला मोकळं सोडलं होतं. आमच्या घरात इतक्या वर्षांनी तो डावा हात वाजला, तोच खोल, ओलसर. भिंतींना ओळखीचा. दुधाच्या पातेल्याशी बसलेल्या काकूंनी डाव हलवायचा थांबवला.

"चित्र आण नं," काका हळूच म्हणाले.

मी कोपर थोडं खाली केलं. आवाज गेला.

"हालू नको रे!" ओट्यावरून बाबूजी ओरडले.

दादा गेल्यापासून त्याच्याबाबतीत त्यांच्या तोंडून निघालेला तो पहिला शब्द. मी हात पुन्हा वर केला. तबला आला. थोड्या वेळानं बाबूजी, कोणालाही उद्देशून नाही असं, म्हणाले, "डग्गा अजून ढिलाच ठेवते."

आईनं ताट घेतलं. मघाशी पडद्यावर त्याचं कपाळ जिथं होतं तिथं, मुंग्यांवर, तिनं बोटानं कुंकू लावलं. टीव्हीवर अक्षता टाकल्या. कापड ठेवलं. मग निरांजन उचललं आणि माझ्याकडे बघितलं. मी टीव्हीला चिकटून, एक हात मागं आणि एक हात खिडकीत, शेतातल्या बुजगावण्यासारखा उभा.

"तू हाट तिथून. तुह्यावरून ओवाळणं जाईन."

"हाटलो तं तो जाते, आई."

तिनं एकदा मुंग्यांकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग हात खाली घेतला आणि अगदी लहान गोल करून, फक्त टीव्हीपुरतं, ओवाळायला लागली. निरांजन माझ्या गुडघ्याजवळून जात होतं, ऊब लागत होती, पण दर फेरीला ते माझ्या अलीकडूनच वळत होतं. तिचा हात एकदाही चुकला नाही. माझे दंड भरून आले होते, नाकावर डास बसला होता, आणि मी जन्मात कधी इतका स्थिर उभा राहिलो नसेन. टाळ्या झाल्या. कोणीतरी बोलायला लागलं. तबला पुन्हा आला तेव्हा तो दुसऱ्या कोणाचा होता, ते आम्हा सगळ्यांना कळलं. मी हात सोडले.

त्या रात्री बाबूजींनी दूध घेतलं नाही. पेला ओट्यावर तसाच, सकाळी त्यात साय धरलेली.

दिवाळीला तो येईल असं आईला वाटत होतं. "आता ओवाळलं नं, येईन." काचेवरचं कुंकू तिनं कोणाला पुसू दिलं नाही. मग बातम्या देणाऱ्या गृहस्थांच्या गालाला कुंकू, क्रिकेटमधल्या गोलंदाजाच्या पोटाला कुंकू, शेतीच्या कार्यक्रमातल्या म्हशीच्या शिंगाला कुंकू. शेजारी हसायचे. मीही त्यावर दोन-चार विनोद करून घेतले, शाळेत ते चांगले चालले.

उन्हाळ्यात, लग्नसराईत, एक अनोळखी माणूस पत्ता विचारत आला. आडव्या बांध्याचा, भला थोरला. तो मुंबईला पेटी वाजवायचा, दादाच्या खोलीवरच राहायचा. त्याच्या हातात चादरीत बांधलेला एकटा डग्गा होता. तबला कुठं गेला ते आम्ही विचारलं नाही. दादाचा खोकला जुनाच होता, पेटीवाला म्हणाला. डॉक्टरनं वाजवू नको म्हटलं होतं. कोजागिरीनंतर तो पुन्हा बैठकीला बसलाच नाही. जाऊन महिना झाला त्याला. घरी कळवू नका असं त्यानंच बजावलं होतं, तरी राहवलं नाही म्हणून आलो.

आई त्याच्याकडे बघत होती. त्याच्या खांद्यांकडे.

"तो कुडता तुमचा होता का?" तिनं विचारलं.

त्याला आधी कळलंच नाही. मग म्हणाला, "हो आई. त्याच्याकडे त्या दिवशी बरा नव्हता." आणि थोड्या वेळानं, "तो सारखा म्हणायचा, आईनं बघितलं असेल. बघितलं का तुम्ही?"

"पाह्यलं नं," आई म्हणाली. "सारं पाह्यलं. सुरुवातीपासून आखरीपर्यंत. आवाजासगट."

माझ्याकडे तिनं बघितलं नाही. तो माणूस जेवून, संध्याकाळच्या गाडीनं गेला. ती त्याला दारापर्यंत पोचवून आली, फडकं ओलं केलं, आणि टीव्हीची काच पुसली. कुंकू वाळून चिकटलं होतं. बराच वेळ घासत होती. रडली ती त्यानंतर.

रात्री ओट्यावर ठकठक ऐकू आली म्हणून मी बाहेर आलो. बाबूजी डग्गा मांडीवर घेऊन बसले होते, हातात लहान हातोडी. आवळायला म्हणून कडेच्या चामडी गजऱ्यावर एक-दोन ठोके टाकले होते. मला पाहून ते थांबले. हाताच्या तळव्यानं डग्गा हलकेच दाबून पाहिला, हातोडी बाजूला ठेवली, आणि टाकलेले ठोके उलट बाजूनं मारून पुन्हा होता तसा ढिला करून ठेवला.

पुढच्या कोजागिरीला मी मुद्दाम सौंसरहून उशिराची बस धरली. शाळेत काम नव्हतं, मोहगावच्या एका शिक्षकमित्राला धरून चहाच्या टपरीवर बसलो आणि तो जांभया द्यायला लागेपर्यंत उठलो नाही. घरी पोचलो तेव्हा चंद्र पार वर आला होता. समोरच्या काकांकडून गाण्याचा आवाज येत होता. त्यांनी नवा टीव्ही घेतला होता, त्याच्यावर मैफल चालू असावी. आमच्या टीव्हीचं शटर बंद होतं. आत पाट मांडलेला होता. त्यावर काही नव्हतं. ताटाजवळ एक शर्ट होता, शिवून तयार.

"हातपाय धू," आई म्हणाली. "अन् बस."

"राहू दे नं, आई. दूधच घेऊ आपण."

"बस म्हणते नं."

बाबूजी दारात येऊन उभे राहिले होते. मी हातपाय धुऊन येऊन बसलो. तिनं माझी हनुवटी धरून तोंड नीट पूर्वेकडे केलं. कुंकू लावलं. शर्ट हातात दिला. दादाच्या जुन्या मापावर शिवला होता, ते मला उचलताच कळलं. निरांजन माझ्या कपाळासमोरून निघालं, कानामागून गेलं, पाठीमागून फिरून दुसऱ्या कानाशी आलं, पूर्ण वळसा. लहानपणी या क्षणासाठी मी कितीतरी तयारी करून ठेवली होती. पाटावर बसलो की दादाकडे बघून एक डोळा बारीक करायचा, हे तर पक्कंच होतं. मी समोर पाहिलं. मी जिथं उभा राहायचो त्या जागेवर कोणी नव्हतं.

माझे खांदे हलायला लागले. निरांजनाची वात वाकडी झाली.

"हालू नको," आई म्हणाली.